मीटर म्हणतो १५६, लॅब म्हणते १३८

या वेळच्या पत्रांत गोळ्या आणि पथ्यापेक्षा घरच्या ग्लुकोमीटरबद्दलच्या तक्रारीच जास्त आहेत, म्हणून सगळं सदर त्यालाच दिलं आहे. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत. जिथे एकक दिलेलं नाही तिथे साखरेचा आकडा मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमधला समजावा. आपल्याकडचे लॅब-रिपोर्ट आणि मीटर त्याच भाषेत बोलतात.

प्रश्न : सकाळी उपाशीपोटी घरी मीटरवर १५६ आले. अर्ध्या तासाने लॅबचा मुलगा येऊन रक्त घेऊन गेला. संध्याकाळी रिपोर्ट आला, त्यात १३८. मीटर दीड वर्षापूर्वी घेतलेला आहे. टाकून द्यावा का?
— निवृत्त शिक्षक, नाशिक

उत्तर : टाकू नका, आधी भागाकार करा. फरक १८ चा. १८ भागिले १३८ म्हणजे १३ टक्के. घरगुती मीटरसाठी वापरतात ती कसोटी आयएसओ १५१९७ या मानकाच्या २०१३ च्या आवृत्तीत आहे. लॅबमधली साखर १०० किंवा जास्त असेल तर मीटरची शंभरातली ९५ रीडिंग लॅबच्या १५ टक्के वर-खाली यायला हवीत. साखर १०० च्या आत असेल तर १५ मिलिग्रॅम वर-खाली. १३८ ला ही हद्द ११७ ते १५९ होते. तुमचे १५६ काठावर आहेत, पण हद्दीत आहेत. आणि 'शंभरातली ९५' हे शब्द पुन्हा वाचा. एखादं रीडिंग त्याबाहेर पडलं तरी मीटर नापास ठरत नाही. खरी साखर २०० असताना एका मीटरने १७० आणि शेजारच्या मीटरने २३० दाखवले, तर दोघंही पास! दोन मीटर शेजारी ठेवून त्यांची कुस्ती लावणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आता लॅबच्या १३८ कडे वळू. रक्त शिरेतून बाहेर आलं तरी त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. साध्या ट्यूबमध्ये, खोलीच्या तापमानाला, दर तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर अशी संपते. म्हणून साखरेचं रक्त करड्या बुचाच्या, सोडियम फ्लोराइड घातलेल्या ट्यूबमध्ये घेतात. पण फ्लोराइडचा पूर्ण परिणाम व्हायला तास-दोन तास लागतात, तोवर थोडी गळती होतेच. तुमच्याकडून साडेसातला निघालेली ट्यूब पिशवीतून आणखी दहा घरं फिरून अकराला लॅबमध्ये पोचली असेल, तर शिरेतली साखर १३८ पेक्षा थोडी जास्तच होती असं मानायला जागा आहे. शिवाय मधला अर्धा तास आहेच. त्यात चहाचा कप झाला असेल तर तुलनेला अर्थच उरत नाही.

तुलना करायचीच असेल तर उपाशीपोटीच करा. जेवणानंतर बोटातल्या केशवाहिन्यांमधली साखर शिरेतल्यापेक्षा वर असते, कधी २०–२५ टक्क्यांनीही, कारण शिरेत पोचेपर्यंत स्नायूंनी आपला वाटा उचललेला असतो. जेवणानंतर दोन तासांनी तुलना करून मीटरला नावं ठेवणारी पत्रं आमच्याकडे बरीच आहेत. त्यांतल्या अनेक मीटरचा काही दोष नाही.

मीटर आणि स्ट्रिपची डबी घेऊन थेट अशा लॅबमध्ये जा जिथे तपासणीचं यंत्र त्याच इमारतीत आहे. नुसतं कलेक्शन सेंटर नको. हात साबणाने धुऊन कोरडे करा. शिरेतून रक्त घेतल्यावर पाच मिनिटांच्या आत दुसऱ्या हाताचं बोट टोचून मीटरवर बघा. ट्यूबमधला थेंब स्ट्रिपला लावून बघू नका. घरगुती स्ट्रिप बोटाच्या ताज्या रक्तासाठी असते, फ्लोराइड मिसळलेल्या रक्तावर तिचा आकडा भरवशाचा नसतो. रिपोर्टवर रक्त घेतल्याची आणि तपासल्याची अशा दोन वेळा छापलेल्या असतात, त्यांतलं अंतर बघा. असं तीन वेगवेगळ्या दिवशी करा. तिन्ही वेळा मीटर एकाच बाजूला १५ टक्क्यांहून जास्त झुकला, तरच स्ट्रिपची डबी बदला. नव्या डबीवरही तसंच झालं, तर मग मीटर.

आणखी एक. 'मीटरच्या आकड्यात १२ टक्के मिळवा म्हणजे लॅबचा आकडा येतो' हा सल्ला अजून फिरतो आहे. पूर्वीचे काही मीटर संपूर्ण रक्तातली साखर दाखवत आणि ती प्लाझ्मातल्या, म्हणजे रक्ताच्या नुसत्या द्रव भागातल्या साखरेपेक्षा साधारण ११ टक्क्यांनी कमी असते, तेव्हाचा तो हिशेब. आताचे मीटर आतल्या आत प्लाझ्माचाच आकडा काढून दाखवतात. तुम्ही वरून काही मिळवू नका.

प्रश्न : लागोपाठ तीनदा तपासलं. १४३, १६१, १५०. कुठला धरायचा?
— गृहिणी, सांगली

उत्तर : कुठलाही. तिन्हींचा अर्थ एकच, दीडशेच्या आसपास. १४३ ला गोळी वेगळी आणि १६१ ला वेगळी असं नसतं, त्यामुळे तीन स्ट्रिप वाया गेल्या. पुन्हा तपासावं ते आकडा अंगाशी किंवा जेवणाशी जुळत नसेल तेव्हा : रोज १३० असणाऱ्याला अचानक ३१०, किंवा ठणठणीत वाटत असताना ५२.

तीन आकड्यांतला फरक फारच मोठा असेल, समजा १२० आणि १८०, तर बोट टोचण्याची पद्धत तपासा. हात कोमट पाण्याने धुऊन मिनिटभर खाली सोडून ठेवा, रक्त बोटाच्या टोकाशी उतरतं. बोटाच्या मधोमध न टोचता कडेला टोचा. तिथे दुखतंही कमी. थेंब आपोआप येऊ द्या, फार तर तळव्याकडून टोकाकडे हलका दाब द्या. बोट जोरजोरात पिळलं की रक्ताबरोबर पेशींभोवतीचं पाणीही येतं, थेंब पातळ होतो आणि आकडा खाली येतो. थेंब पुरेसा येत नसेल तर बोट टोचायच्या लॅन्सिंग पेनवरचा खोलीचा आकडा एका खाचेने वाढवा आणि सुई नवी घाला. बोथट सुईने जखम होते, थेंब येत नाही. स्ट्रिपची फक्त कड थेंबाला टेकवायची, ती रक्त स्वतः ओढून घेते. वरून थेंब चोपडू नका, आणि कमी पडला म्हणून मागाहून दुसरा घालू नका. अर्धवट भरलेली स्ट्रिप बहुधा 'एरर' दाखवते. दाखवला नाही तर तो आकडा खरा मानण्याचं कारण नाही.

प्रश्न : मी बेदाणा शेडवर असतो. दुपारी तिथेच तपासलं तर २९०. घाबरून घरी आलो, अंघोळ केली, पाऊण तासाने बघितलं तर १२४. मध्ये औषध घेतलं नाही, काही खाल्लं नाही. मीटर बिघडला म्हणायचा का?
— द्राक्ष बागायतदार, तासगाव

उत्तर : मीटर बरोबर होता, बोट गोड होतं.

हिशेब बघा. आजकालच्या स्ट्रिपला अर्धा मायक्रोलिटर रक्त पुरतं. मोहरीच्या दाण्याहूनही लहान थेंब. साखर १०० असेल तर एका मायक्रोलिटरमध्ये एक मायक्रोग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे त्या थेंबात अर्धा मायक्रोग्रॅम. त्यात बाहेरून फक्त एक मायक्रोग्रॅम ग्लुकोज मिसळलं तर आकडा थेट ३०० होतो. एक मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. पिकलेल्या द्राक्षाच्या रसात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जवळजवळ निम्मंनिम्मं असतं, आणि रसाचा जो पातळसा थर बोटावर वाळतो त्यात एवढं ग्लुकोज सहज असतं. डोळ्यांना काही दिसत नाही, बोट थोडं चिकट लागतं एवढंच.

आंबा कापणाऱ्या, संत्रं सोलणाऱ्या, गुऱ्हाळावर काम करणाऱ्या आणि मध हाताळणाऱ्या सगळ्यांना हेच लागू आहे. गंमत म्हणजे, आपली नेहमीची साखर ही सुक्रोज असते आणि स्ट्रिपवरच्या एन्झाइमला, म्हणजे ग्लुकोजवर काम करणाऱ्या प्रथिनाला, सुक्रोज ओळखताच येत नाही. पण गुळात आणि फळात सुटं ग्लुकोज असतंच.

स्पिरिटच्या बोळ्यावर विसंबू नका. तो जंतू मारतो, पण बोटावर वाळलेला चिकट रस पुरता निघत नाही. शिवाय स्पिरिट वाळण्याआधी टोचलं तर ते थेंबात मिसळतं. साबण आणि वाहतं पाणी, मग स्वच्छ फडक्याने कोरडं. शेडवर पाणी नसेल तर पहिला थेंब पुसून दुसरा वापरा. धुण्याची सर त्याला नाही, पण काहीच न करण्यापेक्षा बरं.

आणि सगळ्यात घातक प्रसंग हा : साखर कमी झाली म्हणून घाईने ग्लुकोज पावडर पाण्यात कालवून प्यायली, पंधरा मिनिटांनी त्याच हाताने पुन्हा तपासलं, आकडा आला २२०, आणि माणूस निर्धास्त झोपला. पावडर बोटाला होती, साखर अजून ६० च होती. दुसऱ्या तपासणीआधी हात धुणं इथे चुकवूच नका.

प्रश्न : स्ट्रिप फ्रिजमध्ये ठेवाव्यात का? आमच्याकडे मे महिन्यात पारा ४६ वर जातो. आणि एक्स्पायरी दोन महिन्यांपूर्वी झालेली डबी चालेल का?
— चंद्रपूर, पावसाळ्यातल्या दमटपणाबद्दल असाच प्रश्न चिपळूणहून

उत्तर : फ्रिज नको, गाडीची डिकी नको, स्वयंपाकघरातली गॅसजवळची फळी नको. स्ट्रिपच्या टोकाशी एन्झाइमचा पातळ थर असतो. बहुतेकांत ग्लुकोज ऑक्सिडेज किंवा ग्लुकोज डिहायड्रोजनेज. तो रक्तातल्या ग्लुकोजमधून इलेक्ट्रॉन काढतो आणि मीटर तो इवलासा विद्युतप्रवाह मोजतो. उष्णता आणि ओलावा या थराचे वैरी आहेत. डबीच्या झाकणात किंवा आतल्या भिंतीत ओलावा शोषणारा पदार्थ बसवलेला असतो, म्हणून स्ट्रिप काढली की झाकण लगेच 'टक' आवाज येईपर्यंत दाबायचं. चार-पाच स्ट्रिप खिशात वेगळ्या ठेवणं, दोन डब्यांतल्या एकत्र करणं, गोळ्यांच्या डबीत ठेवणं, हे सगळं बंद. कोकणातल्या पावसाळ्यात झाकण उघडं राहिलेली डबी मुदतीच्या आधीच बाद झालेली असू शकते.

फ्रिजमधून काढलेली गार डबी दमट हवेत उघडली की आत दव धरतं, म्हणून फ्रिज नको. बऱ्याच स्ट्रिपना ३० अंशांपर्यंतचं तापमान चालतं, काहींना ४० पर्यंत. डबीवर थर्मामीटरच्या चित्राशेजारी छापलेलं असतं. विकत घेताना ४० वाली बघा, चंद्रपुरात तो खरा फरक. घरात माठाजवळची, पण कोरडी, अंधारी जागा किंवा कुलर असलेल्या खोलीतलं कपाट बरं. मीटरचीही काम करण्याची हद्द असते, बहुतेकांची १० ते ४० अंश. उन्हातून आणलेला मीटर अर्धा तास सावलीत ठेवून मग वापरा.

एक्स्पायरी झालेली डबी चालणार नाही. आणि एक्स्पायरी एक नसते, दोन असतात. दुसरी उघडल्या दिवसापासून सुरू होते. कंपनीप्रमाणे तीन महिने, सहा महिने किंवा छापील तारखेपर्यंत. उघडलेल्या दिवसाची तारीख डबीवर पेनाने लिहा. आठवड्यातून एकदाच तपासणाऱ्याने पन्नासची डबी घेतली तर ती वर्षभर पुरते आणि मधेच बाद होते. पंचवीसची घ्यावी.

बिघडलेली स्ट्रिप नेहमी जास्तच दाखवेल किंवा नेहमी कमीच, असा भरवसा नाही. तिचा संशय आला तर कंट्रोल सोल्युशन वापरा. ग्लुकोजचं ठरावीक प्रमाण असलेली ही छोटी बाटली बहुधा मीटरच्या खोक्यात नसते. औषधाच्या दुकानात किंवा कंपनीकडे वेगळी मागावी लागते, आणि ती त्याच मीटरची हवी. बाटली हलवा, पहिला थेंब टाकून द्या, दुसरा स्वच्छ प्लास्टिकच्या झाकणावर घ्या आणि स्ट्रिप त्याला टेकवा. आलेला आकडा स्ट्रिपच्या डबीवर छापलेल्या मर्यादेत हवा, म्हणजे समजा ९६ ते १३० असं काही. बाहेर पडला तर नव्या डबीतली स्ट्रिप लावून बघा. उघडलेली बाटलीही साधारण तीन महिनेच चालते. नवी डबी उघडली, मीटर हातातून पडला किंवा आकडे विचित्र यायला लागले की ही चाचणी करावी. आपल्याकडे फारच थोडे लोक करतात.

प्रश्न : माझी सून सात महिन्यांची गरोदर आहे. हिमोग्लोबिन ७.८. घरी मीटरवर जेवणानंतर १५०–१५५ येते, दवाखान्यात तपासलं की १२५. डॉक्टर इन्सुलिन सुरू करू की नको या विचारात आहेत. कुणाचं खरं मानायचं?
— यवतमाळ जिल्हा

उत्तर : तुमच्या बाबतीत लॅबचं. फरकाचा काही भाग बोट आणि शीर यांच्यातला आहे, वर सांगितलाच. पण बाकीच्याचं कारण बहुधा ते ७.८ असावं.

स्ट्रिप साखर मोजते ती रक्ताच्या द्रव भागातली. तांबड्या पेशी त्या इवल्याशा खोबणीत जागा अडवतात आणि ग्लुकोजच्या वाटेत येतात. पेशी कमी असल्या की ग्लुकोज एन्झाइमपर्यंत लवकर आणि जास्त पोचतं, आकडा फुगतो. पेशी जास्त असल्या की उलट, आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी. पेशींच्या या प्रमाणाला हिमॅटोक्रिट म्हणतात. रिपोर्ट हाताशी नसेल तर हिमोग्लोबिनला तीनने गुणा, अंदाज येतो : ७.८ गुणिले ३, साधारण २३ टक्के. आता मीटरच्या माहितीपत्रकात हिमॅटोक्रिटची मर्यादा बघा. ३० ते ५५ लिहिलं असेल तर तो मीटर सूनबाईंसाठी नाहीच. २० ते ६० लिहिलेले, हिमॅटोक्रिट मोजून दुरुस्ती करणारे मीटर मिळतात, तो घ्या. गरोदरपणात उपाशीपोटी ९५, जेवणानंतर एका तासाने १४० आणि दोन तासांनी १२० च्या आत साखर ठेवायची असते. इतक्या अरुंद पट्टीत मीटरची वीस-पंचवीसची चूक इन्सुलिनचा निर्णय फिरवू शकते. डॉक्टरांना दोन्ही आकडे आणि हिमोग्लोबिन एकत्र दाखवा, आणि निर्णय शिरेतल्या रक्तावर होऊ द्या.

विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल बऱ्याच घरांत आहे, म्हणून हेही सांगतो : सिकलसेलच्या रुग्णाच्या तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यामुळे एचबीएवनसी (मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) खोटा कमी येऊ शकतो. उलट लोहाच्या कमतरतेने तो थोडा वर सरकतो. अशा वेळी लॅबला फ्रुक्टोसामिन ही तपासणी विचारा. ती मागच्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी सांगते आणि हिमोग्लोबिनवर अवलंबून नसते.

पोटातून डायलिसिस करणाऱ्यांसाठी एक स्वतंत्र इशारा. त्यातल्या आयकोडेक्स्ट्रिन नावाच्या द्रावणातून रक्तात माल्टोज तयार होतं, आणि 'जीडीएच-पीक्यूक्यू' एन्झाइमची स्ट्रिप माल्टोजलाही ग्लुकोज समजते. मीटर २५० दाखवतो, खरी साखर ५० असते, आणि वरून इन्सुलिन दिलं जातं. याने माणसं दगावली, आणि अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेने २००९ मध्ये त्याबद्दल जाहीर इशारा दिला. तुमच्या स्ट्रिपच्या माहितीपत्रकात कोणतं एन्झाइम लिहिलं आहे ते डायलिसिस युनिटमध्ये दाखवून घ्या.

प्रश्न : रोज सकाळी मीटरवर ११० ते १२०. तीन महिन्यांनी एचबीएवनसी केला तर ८.४! मीटर तीन महिने खोटं बोलत होता का?
— बँक कर्मचारी, पुणे

उत्तर : मीटरला तुम्ही एकच प्रश्न विचारलात, त्याने त्याचंच उत्तर दिलं. ८.४ चं सरासरी साखरेत रूपांतर करा : ८.४ गुणिले २८.७, उणे ४६.७, म्हणजे साधारण १९४. सकाळी ११५ आणि सरासरी १९४, याचा अर्थ दिवसात कधीतरी साखर २५० च्या घरात जाते आहे, आणि तेव्हा तुमचा मीटर कपाटात असतो.

स्ट्रिप वाढवायची गरज नाही, वेळा फिरवा. सोमवारी नाश्त्याआधी आणि नंतर, बुधवारी दुपारच्या जेवणाआधी आणि नंतर, शनिवारी रात्रीच्या. 'नंतर' म्हणजे पहिला घास घेतल्यापासून दोन तास. हात धुतल्यापासून नव्हे. जोडीतला फरक बघा. पोह्यांनंतर ४० ने वाढते आणि भात-आमटीनंतर १२० ने, असं काही दिसलं तर डॉक्टरांपुढे ठेवायला खरी माहिती मिळाली. महिनाभर असं करूनही आकडे चांगलेच आले, तर मग हिमोग्लोबिन तपासा आणि मीटर लॅबशी ताडून बघा.

प्रश्न : मुलाने लंडनहून मीटर पाठवला. त्यावर ७.४ दिसतं. हे एचबीएवनसी आहे का?
— ठाणे

उत्तर : नाही. ब्रिटनमध्ये साखर मिलिमोल प्रति लिटरमध्ये मोजतात. १८ ने गुणा : ७.४ म्हणजे १३३. बऱ्याच मीटरमध्ये एकक कारखान्यातच पक्कं केलेलं असतं, बदलता येत नाही. रात्री अर्धवट झोपेत हा गुणाकार करणं धोक्याचं आहे, ३.६ दिसल्यावर 'छान, कमी आहे' असं वाटलं, तर ते ६५ असतं. त्याच नावाच्या इथल्या स्ट्रिप त्या मीटरला चालतीलच असंही नाही. मुलाचं मन राखा, मीटर इथला घ्या.

प्रश्न : इन्सुलिन घेतो. घाम फुटला, हात थरथरले, तपासलं तर ८४. म्हणजे साखर कमी नव्हती ना?
— सोलापूर

उत्तर : असू शकते. ८४ मध्ये १५ ची चूक धरली तर खरी साखर ६९ सुद्धा असेल, आणि ती वेगाने उतरत असेल तर दहा मिनिटांत ५५. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारखी गोळी चालू असेल आणि लक्षणं असतील, तर मीटरशी वाद घालू नका. तीन सपाट चमचे, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, ग्लुकोज पावडर पाण्यातून घ्या, १५ मिनिटांनी धुतलेल्या हाताने पुन्हा तपासा. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज चालू असेल तर साधी साखर किंवा गूळ उपयोगी नाही. ही औषधं सुक्रोज फुटू देत नाहीत, त्यामुळे ग्लुकोजच हवं. आणि अशा वेळी बोटातूनच तपासा. दंडातल्या रक्तातला आकडा मागे राहतो.

हातपाय गार पडलेले, रक्तदाब उतरलेला, उलट्या-जुलाबाने शरीर सुकलेलं असेल तर बोटाच्या रक्तावर कुठल्याच मीटरचा भरवसा नाही. दवाखान्यात शिरेतून तपासणी.

प्रश्न : दंडावर साखर सतत मोजणारा सेन्सर लावला आहे. रात्री तीनला ५८ चा अलार्म वाजला, बोट टोचून बघितलं तर ९६. एवढा महाग सेन्सर खोटा?
— मुंबई

उत्तर : त्या कुशीवर झोपला होतात का? सेन्सर रक्तात नसतो, कातडीखालच्या द्रवात असतो. त्यावर शरीराचा भार पडला की तिथला प्रवाह मंदावतो आणि आकडा खोटाच घसरतो. कूस बदलल्यावर पंधरा-वीस मिनिटांत वर येतो. दुसरं, रक्तातली साखर त्या द्रवात उतरायला पाच-दहा मिनिटं, कधी पंधरा, लागतात. जेवणानंतर किंवा चालून आल्यावर सेन्सर आणि बोट यांत फरक असणारच. दोघांची तुलना सेन्सरच्या आकड्याशेजारचा बाण आडवा, म्हणजे साखर स्थिर असताना करा. नव्या सेन्सरचा पहिला दिवस थोडा बेभरवशाचा असतो. काही सेन्सरच्या माहितीपत्रकात दिवसाला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त व्हिटॅमिन सी घेतल्यास आकडा खोटा वाढतो असं स्पष्ट लिहिलेलं आहे. सर्दीसाठी चघळायच्या गोळ्या दिवसाला दोन-तीन खात असाल तर ते वाचा.

प्रश्न : केदारनाथला जाताना मीटर चालेल का?
— कोल्हापूर

उत्तर : चालेल, पण अंदाजापुरता. केदारनाथ साडेतीन हजार मीटरवर आहे. बऱ्याच मीटरची छापील मर्यादा ३,००० मीटरच्या आसपास असते. ग्लुकोज ऑक्सिडेजच्या स्ट्रिपना विरळ ऑक्सिजनमुळे आकडा थोडा वाढीव येऊ शकतो, आणि थंडीने मीटर बंदच पडतो. मीटर आणि स्ट्रिप सॅकमध्ये न ठेवता स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवा, बोटं चोळून गरम करा.

प्रश्न : नवा मीटर घेताना काय बघू?
— अनेक वाचक

उत्तर : मीटर जवळजवळ फुकट मिळतो, पैसे स्ट्रिपमध्ये जातात, म्हणून आधी स्ट्रिपचा भाव आणि तुमच्या गावच्या दुकानात ती बारा महिने मिळते का ते विचारा. माहितीपत्रकात 'आयएसओ १५१९७' पुढे २०१३ हे साल आहे ना बघा. २००३ च्या आवृत्तीत २० टक्क्यांची चूकही पास होती. हिमॅटोक्रिटची मर्यादा, साठवणीचं तापमान, उघडल्यानंतरची मुदत. कोड टाकावा लागणारा मीटर नको, चुकीच्या कोडने आकडा बिघडतो. स्ट्रिपच्या खोक्यावर बॅच, एक्स्पायरी आणि परवाना क्रमांक हवा. ऑनलाइन अर्ध्या भावात मिळणारी डबी बऱ्याचदा मुदत संपत आलेली असते.

प्रश्न : डॉक्टरांनी मीटरची मेमरी बघितली आणि म्हणाले, रात्री दोनला तुमची साखर २४० असते. मी रात्री दोनला कधीच तपासत नाही!
— अहिल्यानगर

उत्तर : मीटरची नाण्यासारखी बॅटरी अलीकडे बदललीत का? बॅटरी काढली की बऱ्याच मीटरचं घड्याळ पुसलं जातं, आणि पुन्हा लावताना दुपार-रात्रीची गफलत होते. ते २४० दुपारच्या जेवणानंतरचे आहेत. या बारा तासांच्या चुकीवर रात्रीचं इन्सुलिन वाढवलं गेलं असतं तर पहाटे साखर खाली गेली असती, म्हणून हा प्रश्न डॉक्टरांना आजच फोनवर कळवा. सेटिंगमध्ये जाऊन तारीख आणि वेळ लावा, घड्याळ २४ तासांचं करता आलं तर करा. बॅटरी बदलण्याआधीची रीडिंग वहीत उतरवून ठेवा, आणि पुढच्या भेटीला मीटरबरोबर वहीही न्या.